‘मी’ म्हणण्यापूर्वी : फादर अलेक्झांडर द रोड्स यांचे जीवन

मराठी माणूस आईशी बोलो, साहेबांशी बोलो की देवाशी बोलो, स्वतःला तो ‘मी’च म्हणतो. समोरच्या व्यक्तीनुसार बदलते ते ‘तू’, ‘तुम्ही’ किंवा ‘आपण’. ‘मी’ मात्र जागचा हलत नाही. व्हिएतनामी भाषेत तसे नाही. तेथे समोर कोण उभे आहे, वयाने व मानाने ते आपले कोण लागतात, हे ठरल्याशिवाय स्वतःसाठी शब्दच सापडत नाही. ‘मी’ म्हणण्यापूर्वी ‘तुम्ही’ ओळखावे लागतात. ही भाषा शिकू लागणाऱ्या परक्या माणसाला पहिली अडचण येथेच येते. सुमारे चारशे वर्षांपूर्वी एका येशूसंघीय धर्मगुरूंना ती आली. त्यांनी ती नुसती सोडविली नाही, तर पुढे येणाऱ्यांसाठी लिहून ठेवली. त्या फादर अलेक्झांडर द रोड्स यांची ओळख आम्ही आज वाचकांना करून देत आहोत.

सोळाव्या शतकाच्या शेवटच्या दशकात, त्या काळी पोप महोदयांच्या सत्तेखाली असलेल्या आव्हीन्यो या नगरीत त्यांचा जन्म झाला. ही नगरी आज फ्रान्स देशात आहे. १६१२ साली ते रोम येथे येशूसंघात दाखल झाले. जपानमध्ये जाऊन सुवार्ताप्रसार करावा, ही त्यांची मनीषा होती. १६१९ साली लिस्बनहून त्यांचे जहाज निघाले आणि त्याच वर्षी ऑक्टोबर महिन्यात ते गोव्यास पोहोचले.

जपानमध्ये त्या वेळी ख्रिस्ती लोकांचा छळ सुरू होता. त्यामुळे पुढचा प्रवास लांबला आणि फादरांना दोन वर्षांहून अधिक काळ गोवा व साष्टी भागात राहावे लागले. हा काळ त्यांनी वाया दवडला नाही; ते तेथील लोकांची भाषा शिकले. याच साष्टीत त्यांचे संघबंधू फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत ‘ख्रिस्तपुराण’ रचले होते. फादर स्टीफन्स यांचे निधन झाले ते १६१९ साली, म्हणजे फादर रोड्स गोव्यास आले त्याच वर्षी. ‘ख्रिस्तपुराण’ १६१६ साली रायतूर येथे छापले गेले ते रोमी लिपीत. परक्या माणसाने लोकांची भाषा आपलीशी करावी आणि ती रोमी अक्षरांत बसवावी, हा उद्योग आपल्या किनाऱ्यावर तेव्हा आधीच सुरू झाला होता, हे येथे ध्यानात घ्यावे.

१६२२ साली गोवा सोडून फादर रोड्स मलाक्कामार्गे १६२३ मध्ये मकाव येथे पोहोचले. जपानचे दार बंदच होते. तेव्हा वरिष्ठांनी त्यांना १६२४ च्या अखेरीस कोचिनचायना, म्हणजे आजच्या व्हिएतनामच्या मध्य भागात पाठविले. तेथील लोकांचे बोलणे प्रथम कानी पडले तेव्हा त्यांना पाखरांच्या किलबिलाटाचा भास झाला आणि ही भाषा आपल्याला कधी येणार नाही असे वाटले. कारण सरळ होते. या भाषेत शब्दाचा अर्थ त्याच्या सुरावर ठरतो. ‘मा’ हा एकच उच्चार सहा सुरांत केला की भूत, आई, पण, थडगे, घोडा आणि भाताचे रोप असे सहा निराळे अर्थ निघतात. एका धर्मगुरूने नोकराला मासळी आणावयास सांगितले. पण सूर चुकला आणि नोकर टोपलीभर वांगी घेऊन आला, ही हकिकत फादर रोड्स यांनीच नमूद केली आहे.

त्यांना दोन गुरू लाभले. पहिले, फादर फ्रान्सिस्को द पिना. व्हिएतनामी भाषेत दुभाष्याविना प्रवचन करू शकणारे ते पहिले युरोपीय धर्मगुरू. १६२५ च्या डिसेंबरात ते समुद्रात बुडून मरण पावले. दुसरा गुरू म्हणजे दहा-बारा वर्षांचा एक मुलगा. त्याला फादरांची भाषा येत नव्हती आणि फादरांना त्याची. तरीही अवघ्या तीन आठवड्यांत त्याने त्यांना सारे सूर शिकविले. पुढे हा मुलगा ख्रिस्ती झाला आणि गुरू-शिष्यांच्या या उलट्या नात्याची खूण म्हणून त्याने रोड्स हेच आडनाव धारण केले.

सूर जमले की पाळी येते सर्वनामांची. नवशिक्या वाचकांसाठी आम्ही येथे त्यांची तोंडओळख करून देतो. देवनागरीत ते सूर दाखविता येत नाहीत, हे मात्र लक्षात असू द्यावे.

‘तोइ’ म्हणजे मी. या शब्दाचा मूळ अर्थ सेवक. आज तो समवयस्कांत किंवा अनोळखी माणसांत वापरतात. घरच्या किंवा वडीलधाऱ्या माणसांशी बोलताना तो कोरडा वाटतो. तेथे नात्याचे शब्दच सर्वनामांचे काम करतात. ‘आन’ म्हणजे थोरला भाऊ, ‘ची’ म्हणजे थोरली बहीण, ‘एम’ म्हणजे धाकटे भावंड. थोरल्या भावाच्या वयाच्या माणसाशी बोलताना त्याला ‘आन’ म्हणावे आणि स्वतःला ‘एम’. तो उत्तर देईल तेव्हा स्वतःला ‘आन’ म्हणेल आणि आपल्याला ‘एम’. म्हणजे ‘आन’ या एकाच शब्दाचा अर्थ एकाच्या तोंडी ‘तुम्ही’ होतो, तर दुसऱ्याच्या तोंडी ‘मी’.

आपणही रस्त्यावरच्या अनोळखी गृहस्थाला काका म्हणतो, पण वाक्य पुरे करताना ‘काका, मी येतो’ असेच बोलतो. व्हिएतनामी माणूस ‘काका, पुतण्या येतो’ असे म्हणेल. काकांतही भेद आहे : वडिलांच्या थोरल्या भावाला ‘बाक’ आणि धाकट्याला ‘चू’. म्हणून अनोळखी माणूस आपल्या वडिलांहून मोठा की लहान, याचा अंदाज आधी घ्यावा लागतो. दोन्ही ठिकाणी स्वतःसाठी शब्द एकच, ‘चाउ’, म्हणजे पुतण्या, भाचा किंवा नातू. आजोबांना ‘ओंग’, आजीला ‘बा’. ‘ताओ’ आणि ‘माय’ हेही मी आणि तू यांसाठीचे शब्द आहेत. परंतु आज ते जिवलग मित्रांत किंवा भांडणातच शोभतात. नवशिक्याने त्यांच्या वाटेला जाऊ नये.

‘आम्ही’ आणि ‘आपण’ हा भेद मात्र मराठी माणसाला शिकवावा लागत नाही. ऐकणाऱ्याला वगळून ‘चुंग तोइ’, म्हणजे आम्ही. त्याला सामावून घेऊन ‘चुंग ता’, म्हणजे आपण. इंग्रजीभाषकाला येथे अडखळायला होते. आपल्याला ही गोष्ट घरचीच वाटते.

ही भाषा घेऊन फादर रोड्स १६२७ साली, संत योसेफच्या सणाच्या दिवशी, उत्तरेकडील तोंकिन राज्यात उतरले. तीन वर्षांत हजारो लोकांनी स्नानसंस्कार स्वीकारला. १६३० साली राज्यकर्त्यांनी त्यांना हद्दपार केले. तथापि जाण्यापूर्वी त्यांनी स्थानिक धर्मशिक्षकांचा एक संघ उभा केला होता. अविवाहित राहून, मिळकत एकत्र ठेवून, धर्मगुरूंच्या अनुपस्थितीत श्रद्धावंतांना सांभाळण्याचे व्रत हे तरुण घेत. ख्रिस्तसभा परक्या धर्मगुरूंवर अवलंबून राहिली तर एका राजाज्ञेने ती पोरकी होईल, हे फादरांनी अनुभवाने जाणले होते.

दहा वर्षे मकाव येथे अध्यापन करून १६४० साली ते पुन्हा कोचिनचायनात आले. त्यांना वारंवार देश सोडावा लागे आणि ते वारंवार परत येत. या काळात आंद्रे नावाच्या एका तरुणाला त्यांनी स्नानसंस्कार दिला आणि तो धर्मशिक्षक झाला. १६४४ च्या जुलैमध्ये शिपाई दुसऱ्याच एका धर्मशिक्षकाचा शोध घेत आले. तो सापडला नाही, आंद्रे सापडला. श्रद्धा सोडावयास त्याने नकार दिला. २६ जुलै रोजी त्याला देहदंड देण्यात आला, तेव्हा त्याचे वय एकोणीस होते. फादर रोड्स शेवटपर्यंत त्याच्याजवळ होते. त्याच्या मस्तकाचे अवशेष त्यांनी पुढे स्वतः रोमला नेले. ५ मार्च २००० रोजी पोप जॉन पॉल दुसरे यांनी व्हिएतनामच्या या पहिल्या रक्तसाक्षीला धन्य घोषित केले.

१६४५ साली फादरांनाही मृत्युदंड फर्मावण्यात आला, परंतु तो बदलून त्यांना कायमचे हद्दपार केले गेले. परतीच्या वाटेवर डच लोकांनी त्यांना जावा बेटावर तुरुंगात टाकले. तेथून सुटून सुरत, इराण व आर्मेनिया या मार्गाने ते १६४९ साली रोमला पोहोचले. १६५१ साली रोम येथे त्यांचे दोन ग्रंथ छापून निघाले : व्हिएतनामी-पोर्तुगीज-लॅटिन शब्दकोश आणि आठ दिवसांत विभागलेली धर्मशिक्षणाची पुस्तिका. कोशाला एक लहानसे व्याकरण जोडलेले आहे. त्यात सर्वनामांचा स्वतंत्र विचार केलेला असून, कोणी कोणाशी बोलताना स्वतःला काय म्हणावे, याचे मार्गदर्शन आहे. अक्षरांच्या वर व खाली दिलेल्या खुणांनी सूर दाखविण्याची पद्धतही या ग्रंथांमुळे स्थिरावली.

या लिपीचे सारे श्रेय एकट्या फादर रोड्स यांना देणे न्याय्य होणार नाही. फादर पिना यांनी आरंभ केला. फादर गास्पार द आमाराल आणि फादर आंतोनियो बार्बोसा यांच्या हस्तलिखित कोशांचा आधार आपण घेतला, हे फादर रोड्स यांनी स्वतःच मान्य केले आहे. स्थानिक धर्मशिक्षकांची नावे तर बहुतेक काळाच्या उदरात गडप झाली. प्रारंभी ही लिपी चर्चपुरतीच होती. फ्रेंच वसाहतवाद्यांनी ती शासनासाठी वापरली, पुढे देशभक्तांनीही तिचा स्वीकार केला आणि १९४५ साली स्वतंत्र झालेल्या व्हिएतनामने साक्षरतेची मोहीम याच लिपीतून चालविली. तरीही फादरांविषयी तेथे एकमत नाही. २०१९ साली दा नांग शहरातील एका रस्त्याला त्यांचे नाव देण्याचा प्रस्ताव विरोधामुळे थांबला. वसाहतवादाने पोळलेल्या लोकांच्या मनातील हे शल्य आपण समजून घ्यावयास हवे.

रोममध्ये असताना त्यांनी आणखी एका गोष्टीचा पाठपुरावा केला : तोंकिन व कोचिनचायनास बिशप मिळावेत आणि तेथील सुपुत्रांनाच धर्मगुरूपदाची दीक्षा मिळावी. १६५८ साली फ्रान्स्वा पाल्यू आणि पियेर लांबेर द ला मोत यांची बिशपपदी नेमणूक झाली. फादर रोड्स यांना मात्र परत जाता आले नाही. त्यांना इराणला पाठविण्यात आले. साठी उलटलेल्या वयात ते फारसी भाषा शिकू लागले. ५ नोव्हेंबर १६६० रोजी इस्फहान येथे त्यांचे निधन झाले आणि तेथील आर्मेनियन दफनभूमीत त्यांना चिरविश्रांती मिळाली. २०१८ साली व्हिएतनाममधून गेलेल्या मंडळींनी त्यांच्या कबरीजवळ कृतज्ञतेची शिळा बसविली.

शेवटी पुन्हा सर्वनामांकडे वळू. सतराव्या शतकातील मिशनऱ्यांच्या कागदपत्रांत स्नानसंस्काराचे जे व्हिएतनामी शब्द आढळतात, त्यांत धर्मगुरू स्वतःला ‘ताओ’ म्हणत आणि संस्कार घेणाऱ्याला ‘माय’. वरून खाली पाहणारे ते शब्द होते. आज व्हिएतनामी श्रद्धावंत धर्मगुरूंना ‘चा’, म्हणजे पिता, म्हणतात आणि स्वतःला ‘कॉन’, म्हणजे लेकरू. प्रभूने शिकविलेल्या प्रार्थनेत जेथे आपण ‘आमच्या’ म्हणतो, तेथे ते ‘चुंग तोइ’ म्हणत नाहीत. ‘चुंग कॉन’ म्हणतात, म्हणजे ‘आम्ही लेकरे’. पित्याला हाक मारताच प्रार्थना करणाऱ्याचे स्वतःचे नावही बदलते.

आपल्या भाषेत ‘मी’ बदलत नाही. म्हणूनच कदाचित तो लवकर ताठ होतो. पुढच्या वेळी ती प्रार्थना म्हणताना ‘आमच्या’ या शब्दापाशी क्षणभर थांबावे आणि आपण तेथे कोण म्हणून उभे आहोत, हे स्वतःला विचारावे, एवढीच आमची वाचकांना नम्र विनंती.