एलेन विल्किन्सन : एका वर्षासाठी झगडलेली शिक्षणमंत्री

पालकहो, मुलगा चौदा वर्षांचा झाला की हातावर पोट असलेल्या घरात एक हिशेब सुरू होतो. शिकून काय होणार? त्यापेक्षा कामाला लागला तर चार पैसे येतील. इंग्लंडमधल्या कामगारवस्तीतही हाच हिशेब चालत असे. तिथल्याच एका मुलीने मंत्री झाल्यावर हा हिशेब एका वर्षाने पुढे ढकलला. तिची हकीकत तुम्हांला आणि तुमच्या मुलांना ठाऊक असावी.

एलेन विल्किन्सनचा जन्म ८ ऑक्टोबर १८९१ रोजी मँचेस्टरच्या चॉर्लटन-ऑन-मेडलॉक भागात झाला. वडील आधी सूतगिरणीत कामाला होते, पुढे विमा एजंट झाले. मुलगी नाजूक, दमेकरी. उंची कधी पाच फुटांपर्यंतही पोचली नाही. पण वडिलांनी तिला पुस्तकांची आणि व्याख्यानांची गोडी लावली. शिष्यवृत्ती मिळवत ती वरच्या शाळेत गेली. पुढे २५ पौंडांच्या मदतीवर निम्मा आठवडा स्वतः शिकायचे आणि निम्मा आठवडा लहान मुलांना शिकवायचे, असे तिने केले. १९१० मध्ये मँचेस्टर विद्यापीठाची इतिहासाची शिष्यवृत्ती मिळाली. विद्यार्थी मित्रहो, यातली एक जरी परीक्षा हुकली असती, तर पुढचे काहीच घडले नसते.

पदवीनंतर स्त्रियांच्या मताधिकाराची चळवळ, मग कामगार संघटना. १९२४ मध्ये त्या मिडल्सब्रोहून पार्लमेंटवर निवडून आल्या, तेव्हा मजूर पक्षाच्या बाकांवर त्या एकट्याच स्त्री होत्या. १९३२ मध्ये इंडिया लीगच्या शिष्टमंडळाबरोबर त्या हिंदुस्थानात आल्या. गांधीजी त्या वेळी आपल्या येरवड्याच्या तुरुंगात होते. त्यांची एलेनबाईंनी भेट घेतली. गांधीजींना बाजूला ठेवून हिंदुस्थानचा प्रश्न सुटणार नाही, असे त्यांचे ठाम मत झाले.

१९३५ पासून त्या जॅरो गावच्या प्रतिनिधी होत्या. जहाजे बांधण्याचा तिथला कारखाना बंद पडला होता. ऑक्टोबर १९३६ मध्ये गावचे २०० बेकार पुरुष काम मागण्यासाठी लंडनपर्यंत पायी निघाले. बऱ्याच वाटेवर एलेनबाई त्यांच्याबरोबर चालल्या. सरकारने काहीही दिले नाही.

१९४५ मध्ये मजूर पक्ष सत्तेवर आला आणि त्या शिक्षणमंत्री झाल्या. त्याच नोव्हेंबरात लंडनला युनेस्कोची स्थापना करणारी परिषद भरली. तिचे अध्यक्षपद त्यांच्याकडेच होते. १९४६ पासून शाळेत प्रत्येक मुलाला रोज पिंटाचा तिसरा हिस्सा दूध फुकट मिळू लागले. अकराव्या वर्षी परीक्षा घेऊन मुलांची वेगवेगळ्या शाळांत वाटणी करण्याची पद्धत मात्र त्यांनी तशीच ठेवली. हे आम्हांला खटकते. स्वतः परीक्षेच्या शिडीने वर आलेल्या बाईंना खाली राहिलेल्यांचा प्रश्न तितकासा दिसला नसावा.

परंतु एका बाबतीत त्या हटल्या नाहीत. १९४४ च्या कायद्याने सक्तीच्या शिक्षणाचे वय १४ वरून १५ व्हायचे होते. बाँबहल्ल्यांत शाळा पडलेल्या, शिक्षक अपुरे. त्यांनी काँक्रीटच्या तयार भागांच्या खोल्या उभारायला घेतल्या. सैन्यातून परतलेल्यांना सुमारे वर्षभराचे शिक्षण देऊन शिक्षक करण्याची योजना जोरात चालवली. जानेवारी १९४७ मध्ये कोळशाची टंचाई आणि कामगारांची वाण, म्हणून मंत्रिमंडळात काहींनी हे वर्ष लांबणीवर टाकायला सांगितले. एलेनबाई भांडल्या. श्रीमंतांची मुले तशीही शिकणारच होती. लांबणीवर पडले असते ते गरिबांच्या मुलांचे शिक्षण, आणि युद्धामुळे त्यांची आधीच हानी झाली होती. मंत्रिमंडळाने ठरलेली तारीख कायम ठेवली.

त्याच महिन्यात कडाक्याच्या थंडीत, बाँबने छप्पर उडालेल्या इमारतीतील एका समारंभाला त्या गेल्या आणि आजारी पडल्या. ६ फेब्रुवारी १९४७ रोजी लंडनच्या रुग्णालयात त्यांचे निधन झाले. औषधाची मात्रा जास्त झाली होती. चौकशीत मृत्यू अपघाती ठरला. वय अवघे ५५.

कायदा १ एप्रिलला लागू झाला. ज्यांचे नाव एरवी शाळेतून कमी झाले असते, ती मुले आणखी एक वर्ष वर्गात बसली.