अश्वारूढ वीर जनकोजीराव शिंदे

दत्तजयंतीस सारंगखेड्याला तापीकाठी यात्रा भरते. एकमुखी दत्ताचे दर्शन घेऊन भाविक घोड्यांच्या बाजाराकडे वळतात, आणि दूरदूरच्या प्रांतांतून आलेली उमदी जनावरे पाहून हरखून जातात. नंदुरबार जिल्ह्यातील आमच्या समाजबांधवांस हे दृश्य परिचयाचे आहे. तेथे जाणता गिऱ्हाईक घोड्याचे दात, खूर आणि भोवरे पारखून घेतो. परंतु स्वाराची पारख करताना तो दंडाची जाडी पाहत नाही, मांड पाहतो. घोडा केवळ हाताच्या बळावर चालत नाही, ही गोष्ट अश्वविद्येच्या पहिल्या पाठातली आहे. तिची आठवण देणारे एक तेजस्वी व अल्पायुषी चरित्र आम्ही या स्मरणिकेच्या निमित्ताने वाचकांपुढे ठेवीत आहो.

सातारा प्रांतातील कण्हेरखेडच्या शिंदे घराण्यात राणोजीरावांनी पराक्रमाची ध्वजा उभारली. जयाप्पा, दत्ताजी, जोतिबा, तुकोजी व महादजी हे त्यांचे पुत्र. जनकोजीराव हे जयाप्पांचे चिरंजीव होत. इ. स. १७५५ मध्ये मारवाडात नागोरच्या वेढ्यात जयाप्पांचा दगा करून वध झाला, आणि सरदारीची वस्त्रे या कोवळ्या मुलाच्या अंगावर आली. चुलते दत्ताजीराव पाठीशी उभे राहिले. ज्या वयात इतर मुले आईच्या पदराआड असतात, त्या वयात जनकोजीरावांचे घर म्हणजे छावणी आणि आसन म्हणजे खोगीर झाले.

१७५९ साली अहमदशहा अब्दाली पुन्हा हिंदुस्थानात उतरला. १० जानेवारी १७६० रोजी, ऐन संक्रांतीच्या दिवशी, दिल्लीजवळ यमुनेच्या बुराडी घाटावर शिंद्यांची अफगाण व रोहिल्यांशी गाठ पडली. दत्ताजीराव धारातीर्थी पडले. चुलत्याच्या देहासाठी पुढे सरसावलेल्या जनकोजीरावांच्या दंडास बंदुकीची गोळी लागली. सोबतच्या लोकांनी त्यांना कसेबसे रणाबाहेर काढले, आणि विस्कटलेली फौज कोटपुतळीच्या दिशेने मागे हटली. पिता गेला, चुलता गेला, हात जायबंदी झाला. आणि वय विशीच्या आसपास!

दंडास झालेली जखम स्वाराला किती जड जाते, हे घोडा न पाहिलेल्या आजच्या पिढीस सांगावयास हवे. मराठा स्वाराच्या दोन हातांत कामाची वाटणी असे. डाव्या हाती बाग, उजव्या हाती भाला किंवा तलवार. बागेचा हात दुबळा झाला तर ओढ एकसारखी राहत नाही. घोड्याच्या तोंडास हिसके बसून तो बिथरतो. भाल्याचा हात दुबळा झाला तर शस्त्राच्या भाराने खांदा कलतो, स्वाराचा तोल एका अंगास जातो आणि घोडाही त्याच अंगास झुकतो. अशा वेळी स्वाराने करावयाचे असते ते एकच: हाताकडून थोडे मागावे आणि मांडीकडून अधिक. कंबर सरळ, गुडघ्यांची पकड सम, टाचेचा इशारा नेमका, आणि बाग इतकी हलकी की दुबळ्या बोटांनाही ती पेलावी. शिकविलेला घोडा अंगाच्या कलावरून वळतो, आवाजावरून थांबतो. बळाची उणीव अशी समतोलाने भरून निघते.

जनकोजीराव अंथरुणास खिळून राहिले नाहीत. सदाशिवरावभाऊ उत्तरेत येताच ते आपल्या पथकांसह त्यांस मिळाले. नोव्हेंबर १७६० मध्ये, पानिपतावर दोन्ही छावण्या समोरासमोर ठाकल्या असता, त्यांनी अब्दालीचा वजीर शहावलीखान याच्या फौजेवर हल्ला चढवून तिला मागे रेटले. बुराडी घाटाच्या त्या गोळीस तेव्हा पुरते वर्षही झाले नव्हते.

१४ जानेवारी १७६१ च्या संग्रामात ते उजव्या बगलेवर होते. त्या दिवशी पुन्हा जखमी होऊन ते शत्रूच्या हाती सापडले. द्रव्य घेऊन त्यांस सोडण्याचे बोलणे चालले असता बातमी फुटली, आणि बंदिवासातच त्यांचा वध करण्यात आला. विशीतले हे आयुष्य तेथे संपले.

त्याच दिवशी त्यांचे चुलते महादजी यांच्या पायावर शत्रूचा घाव बसून ते जन्माचे अधू झाले. राणेखान नावाच्या एका भिस्त्याने त्यांस आपल्या बैलावर घालून वाचविले. पुढे महादजींनी त्याला भाऊ मानले व सरदारकी दिली. अधू पायाच्या या पुरुषाने १७७२ मध्ये शहाआलम बादशहास दिल्लीच्या तख्तावर नेऊन बसविले, आणि १७९४ मध्ये पुण्याजवळ वानवडी येथे देह ठेवीपर्यंत उत्तर हिंदुस्थानचे राजकारण हाती ठेवले. ज्या घराण्याचा आम्ही अभिमान धरतो, त्याचे भाग्य एका पखालवाल्याच्या खांद्यावरून पुढे गेले, हे स्मरणात असावे. जातीचा अभिमान कृतज्ञतेस पारखा झाला की तो पोकळ होतो.

आता थोडे घरचे बोलू. आपल्या समाजात आजही एखाद्या मुलाचा हात जन्मतः अशक्त असला, किंवा आजाराने एका बाजूचे बळ कमी झाले, तर आईबाप त्यास पाहुण्यांपासून लपवितात. सोयरीक जुळविताना असे अंग प्रथम मोजले जाते आणि गुण मागाहून. मार्च २०१४ मध्ये भारत पोलिओमुक्त ठरला खरा. परंतु त्या रोगाने हातपाय लुळे केलेली कर्तबगार मंडळी आपल्या घराघरांत आहेत, आणि त्यांनी सोसलेले नकार आम्हांस ठाऊक आहेत. जनकोजीरावांच्या पराक्रमाचे पोवाडे ऐकून मान डोलवावी, आणि दारी आलेल्या स्थळाचा केवळ हात पाहून नकार कळवावा, या दोन गोष्टी एका घरात शोभत नाहीत.

सारंगखेड्याच्या बाजारात जी पारख आपण घोडेस्वारासाठी राखून ठेवतो, ती आपल्या लेकरांसाठीही वापरावी. दंड पाहू नये, मांड पाहावी.