नास्तिक विद्यार्थी ते ख्रिस्ती तत्त्वज्ञ : जाक मारितँ



रविवारच्या मिस्सानंतर चर्चच्या आवारात हल्ली एक तक्रार हमखास कानावर येते : कॉलेजात गेली आणि पोरं देव मानेनाशी झाली. अशा आईबापांना जाक मारितँ या फ्रेंच प्राध्यापकाची ओळख करून द्यावी, म्हणून हे पत्र.

मारितँ यांचा जन्म १८८२ साली पॅरिसमध्ये, प्रोटेस्टंट वळणाच्या घरात झाला. सॉरबॉन विद्यापीठात शिकत असताना त्यांच्यापाशी श्रद्धा उरलेली नव्हती. प्रयोगानं सिद्ध होईल तेवढंच खरं, अशी तिथली हवा. तिथंच त्यांना राइसा भेटली, रशियातून आलेल्या ज्यू घरातली मुलगी. दोघांना एकच प्रश्न छळत होता : सत्य असं काही नसेलच, तर जगायचं कशाला? एकदा बागेत हिंडताना त्यांनी ठरवलं की आणखी काही काळ शोध घेऊ. उत्तर मिळालं नाही, तर जीवन संपवू. त्यांचा नास्तिकपणा हा असा पोटतिडकीचा होता.

पुढं बेर्गसाँ या तत्त्वज्ञाची व्याख्यानं ऐकून त्यांना धीर आला. १९०४ मध्ये दोघांचं लग्न झालं. नंतर लिओं ब्लॉय या लेखकाशी गाठ पडली. हा माणूस दरिद्री, तापट, पण प्रार्थनेत बुडालेला. त्यानं वादविवाद घातला नाही. संतचरित्रं वाचायला दिली, आणि त्याचं घर त्यांनी जवळून पाहिलं. ११ जून १९०६ रोजी जाक आणि राइसा यांचा बाप्तिस्मा झाला. ब्लॉय त्यांचा धर्मपिता.

संत थॉमस अक्वायनस यांचे ग्रंथ आधी राइसानं वाचले, मग जाकनं. १९१४ पासून ते पॅरिसच्या कॅथॉलिक विद्यापीठात शिकवू लागले. पुढं टोरांटो आणि प्रिन्स्टन इथंही शिकवलं. बुद्धी आणि श्रद्धा एकमेकींच्या वैरिणी नाहीत, हे त्यांनी जन्मभर मांडलं.

आपल्या कामाचा आहे तो त्यांचा नास्तिकतेवरचा लेख. १९५२ च्या एका पुस्तकात तो आहे. त्यात ते नास्तिकांचे प्रकार पाडतात. काहींना वाटतं आपण देव नाकारतो. खरं तर ते देवाची चुकीची कल्पना नाकारत असतात. काही जण विचारपूर्वक, सर्वस्व पणाला लावून देव नाकारतात. आणि काही जण स्वतःला श्रद्धावान समजतात, पण वागतात मात्र देव नसल्यासारखे. हा शेवटचा प्रकार चर्चच्या बाकांवरही सापडतो. आधुनिक नास्तिकता फोफावली त्याचा काही दोष ते अशा ख्रिस्ती लोकांच्या पदरात घालतात. हे वाचताना मान खाली जाते.

न मानणाऱ्यांबरोबर काम करायलाही ते कचरले नाहीत. मानवी हक्कांविषयी युनेस्कोनं जगभरच्या विचारवंतांची मतं मागवली होती. त्यांत महात्मा गांधींचंही पत्र आहे. १९४९ च्या त्या संग्रहाची प्रस्तावना मारितँ यांची. श्रद्धेची कारणं वेगळी असली तरी माणसाचे हक्क कोणते यावर एकमत होऊ शकतं, हा त्यांचा अनुभव.

१९६० मध्ये राइसा गेली. मग मारितँ तुलूझला एका गरीब संन्यासी संघाच्या सान्निध्यात राहिले. १९६५ मध्ये व्हॅटिकन परिषदेच्या समारोपात पोप सहावे पॉल यांनी विचारवंतांसाठीचा संदेश त्यांच्या हाती दिला. २८ एप्रिल १९७३ रोजी ते वारले.

तेव्हा मुलगा देव मानत नाही म्हणाला, तर लगेच आवाज चढवू नये. तो नेमका कुठला देव नाकारतोय, हे आधी विचारावं. कदाचित आपल्याच वागण्यातून त्याला दिसलेला देव तो असेल. आणि घरात संध्याकाळची प्रार्थना होते का, दारी आलेल्या गरिबाशी आपण कसं बोलतो, तेही एकदा बघावं. मुलं ते बघतच असतात.

— एक निवृत्त शिक्षक, बेळगाव