न पाहिलेला पेशवे दरबार रंगवणारे जेम्स वेल्स कोण होते?

पुण्यात १७९० मध्ये टिपूविरुद्ध करार झाला. पेशवे, इंग्रज आणि निजाम एकत्र आले. बीड तेव्हा निजामाच्याच राज्यात होते. या दरबाराचे चित्र आज लंडनच्या टेट संग्रहात आहे. ते हाती घेणारे स्कॉटिश चित्रकार जेम्स वेल्स मात्र मुंबईत आले १७९१ मध्ये!

मग चित्रात खरे काय?
चेहरे. वेल्स यांनी पुण्यात सवाई माधवराव, नाना फडणवीस यांची व्यक्तिचित्रे काढली होती.

नजर कुठे जाते?
पेशव्यांना करार देणाऱ्या इंग्रज वकील मॅलेटकडे. चित्र काढून घेणाराही तोच.

१७९५ मध्ये वेल्स वारले. थॉमस डॅनियल यांनी १८०५ मध्ये चित्र पूर्ण केले. तेही त्या दरबारात नव्हते. त्यामुळे हा प्रसंगाचा फोटो नाही, मॅलेटला हवी तशी आठवण आहे.