सेतुमाधवराव पगडी आणि आदिलाबादचे गोंड



सेतुमाधवराव पगडी हे नाव आपल्यापैकी अनेकांनी इतिहासकार म्हणून ऐकले असेल. मोगल दरबाराची फार्सी बातमीपत्रे त्यांनी मराठीत आणली, शिवचरित्र लिहिले, १९९२ साली त्यांना पद्मभूषण मिळाले. परंतु आपल्या आदिलाबाद जिल्ह्याशी त्यांचे जे नाते होते, ते मुलांना क्वचितच सांगितले जाते. या अंकात तेच सांगण्याचे योजले आहे. दर हिवाळ्यात आपली शाळा डोंगरातल्या गुड्यांवर मदत घेऊन जाते. मदत कशी न्यावी, हे या चरित्रातून शिकण्यासारखे आहे.

सेतुमाधवरावांचा जन्म १९१० साली निलंगा येथे झाला. निलंगा आज लातूर जिल्ह्यात आहे. तेव्हा ते निजामाच्या राज्यात होते. या राज्यात सरकारचा कारभार उर्दूत चाले आणि प्रजा मराठी, तेलुगू, कन्नड बोले. त्यामुळे सामान्य शेतकऱ्याला स्वतःच्या शेताचा कागद वाचता येत नसे. सेतुमाधवराव हैदराबाद राज्याच्या मुलकी सेवेत दाखल झाले. भाषा शिकण्याची त्यांना उपजत आवड होती, आणि पुढे हीच आवड आदिलाबादच्या गरीब कुटुंबांच्या कामी आली.

ते इथे आले त्याआधी या डोंगरात एक लढाई होऊन गेली होती. गोंड आणि कोलाम लोक पिढ्यान्‌पिढ्या जंगल साफ करून शेती करीत आले होते, पण त्यांच्याजवळ पट्टा नव्हता. सरकारने जंगल राखीव करायला घेतले, तेव्हा त्यांची शेते आणि वस्त्या त्या हद्दीत गेल्या. गुरे चारायला कर, लाकूड तोडायला दंड, आणि बाहेरच्या सावकाराच्या नावे निघालेला पट्टा, असे तिहेरी संकट आले. याविरुद्ध कुमरम भीम उभा राहिला. आसिफाबादजवळचे जोडेघाट हे त्याचे ठाणे होते. १९४० साली निजामाच्या पोलिसांशी झालेल्या चकमकीत तो आणि त्याचे साथीदार मारले गेले.

लढाई संपली, पण ज्या कारणासाठी ती झाली ते कारण तसेच राहिले. मागे राहिलेल्या कुटुंबांवर धाक बसला होता. खाकी किंवा कोट घातलेला माणूस गावात शिरला की लोक जंगलात निघून जाणार, ही त्या काळची स्थिती होती. अशा लोकांपर्यंत मदत पोहोचवायची कशी, हा प्रश्न होता.

हे लोक असे का उठले, हे जाणून घेण्यासाठी सरकारने ख्रिस्तोफ फॉन फ्यूरर-हायमेनडॉर्फ या ऑस्ट्रियन मानववंशशास्त्रज्ञाला पाठवले. दुसरे महायुद्ध सुरू असल्याने ब्रिटिशांच्या दृष्टीने तो शत्रुदेशाचा नागरिक होता आणि हैदराबाद राज्याबाहेर जाण्याची त्याला मोकळीक नव्हती. पत्नी बेट्टी हिच्यासह तो मार्लवाई या गोंड गावात झोपडी बांधून राहिला. गोंडांना दंड नव्हे तर जमिनीचा हक्क द्या, असे त्याने सरकारला कळवले. सरकारने ते मानले आणि या कामासाठी खास अधिकारी नेमण्यास सुरुवात केली. त्या अधिकाऱ्यांत सेतुमाधवराव होते.

सेतुमाधवराव स्वयंसेवक नव्हते, पगारी अधिकारी होते, हे खरे आहे. परंतु गोंडी शिकणे हा काही त्यांच्या पगाराचा भाग नव्हता. दुभाषा घेऊन काम भागले असते. त्यांनी तसे केले नाही. ते गोंडी शिकले, मग कोलामी शिकले. या दोन भाषा शेजारच्या असूनही किती वेगळ्या आहेत पाहा : घराला गोंडीत रोन म्हणतात आणि कोलामीत एल्ला. दुभाषा बहुधा गावच्या सावकाराचा किंवा पटवाऱ्याचा माणूस असतो. ज्याच्याविरुद्ध तक्रार करायची, त्याच्याच तोंडून ती सांगायची वेळ आली तर गरीब माणूस गप्पच राहतो. साहेबाला आपली भाषा येते म्हटल्यावर मधला माणूस आपोआप दूर झाला.

मदतीचे मुख्य काम जमिनीचे होते. कोणते शेत प्रत्यक्ष कोण कसतो याची पाहणी करायची आणि लावणी खास नियमाखाली त्याच्या नावे पट्टा करून द्यायचा, अशी रीत ठरली. यासाठी गोंडाला लिलावात बोली लावावी लागत नसे की किंमत भरावी लागत नसे. या मोहिमेत हजारो आदिवासी कुटुंबांना मिळून लाखाहून अधिक एकर जमीन मिळाली. १९४६ साली आदिवासी भागासाठी वेगळा कायदा झाला आणि गावच्या तंट्यांचा निवाडा गोंडांच्या स्वतःच्या पंचायतीकडे आला.

नुसता कागद हाती देऊन भागत नाही, तो वाचताही आला पाहिजे. म्हणून १९४३ साली मार्लवाईला शिक्षण केंद्र सुरू झाले. शिकवायला शिक्षक कुठून आणायचे? थोडेफार लिहिता-वाचता येणारे गोंड तरुण शोधून काढले गेले. त्यांना जी अक्षरओळख होती ती बहुतांशी मराठीची होती, म्हणून गोंडी भाषेची पहिली वाचनपुस्तके देवनागरी लिपीत तयार झाली. विद्यार्थी मित्रहो, तुम्ही आज ज्या लिपीत हा लेख वाचत आहात, त्याच लिपीत मार्लवाईच्या मुलांनी प्रथम स्वतःची भाषा वाचली. तयार झालेले तरुण आपापल्या भागात परत गेले आणि त्यांनी शाळा चालवल्या. लढाईनंतरच्या या कामातले खरे स्वयंसेवक तेच होते असे मला वाटते.

सेतुमाधवरावांनी आदिलाबादच्या गोंडांवर इंग्रजीत पुस्तक लिहिले आणि गोंडी व कोलामी या दोन्ही भाषांची व्याकरणे तयार केली. बरो आणि एमेनो या विद्वानांच्या द्राविड भाषांच्या प्रसिद्ध कोशात कोलामी शब्दांपुढे सेतुमाधवरावांच्या नावाचा निर्देश आढळतो. गुड्यांवर ऐकलेले शब्द असे जगभरच्या ग्रंथालयांत पोहोचले.

१९४८ साली हैदराबाद राज्य भारतात विलीन झाले. १९५६ साली भाषावार प्रांतरचना झाली. आदिलाबाद आंध्र प्रदेशात राहिले, किनवट आणि राजुरा हे तालुके पलीकडे गेले. सेतुमाधवरावही मराठी मुलखाच्या सेवेत गेले. पुढे त्यांनी महाराष्ट्राच्या गॅझेटियरचे संपादन केले आणि मोगल-मराठा इतिहासाचे मोठे काम उभे केले. १९९४ साली त्यांचे निधन झाले.

त्यांच्या चरित्राची गोष्ट इथे संपते, परंतु मार्लवाईची गोष्ट इथे संपत नाही. खास अधिकारी गेले, गोंडीतून शिकवणे बंद पडले, रस्ते झाले आणि बाहेरचे लोक मोठ्या संख्येने आले. कर्जापोटी शेते हातची गेली. आदिवासींची जमीन इतरांना घेता येऊ नये म्हणून १९५९ साली नियम झाला आणि १९७० साली तो अधिक कडक झाला, तरी गेलेली जमीन फारशी परत आली नाही. २० एप्रिल १९८१ रोजी इंद्रवेल्लीला जमिनीच्याच प्रश्नावर जमलेल्या गोंडांवर गोळीबार झाला. सरकारी आकड्याप्रमाणे १३ माणसे मेली. बाहेरून आलेल्यांत तेलुगू बोलणारे होते, तसे आपले मराठी बोलणारेही होते. आपण या जिल्ह्यात पिढ्यांपासून सुखाने राहत आहोत, म्हणून ही गोष्ट आपणच आपल्या मुलांना सांगितली पाहिजे.

आता आपल्या शाळेविषयी. मागे एका हिवाळ्यात आम्ही एका गुड्यावर घोंगड्या आणि वह्या घेऊन गेलो. वाटप झाले, फोटो निघाले. निघताना एक म्हातारी माझ्या हातात एक कागद देऊन बरेच काही बोलली. आम्हा चौदा जणांपैकी एकालाही गोंडी येत नव्हती. कागद तेलुगूत होता, तिच्या शेताच्या मोजणीची नोटीस होती, आणि तिची तारीख होऊन गेली होती. तिला घोंगडीची गरज नव्हती असे नाही, परंतु कागद वाचणारा कुणी आठ दिवस आधी आला असता तर तिचे अधिक भले झाले असते. आमची चूक आम्हाला परतीच्या वाटेवर कळली.

म्हणून या वर्षीपासून थोडा बदल करावा अशी माझी विश्वस्त मंडळींना विनंती आहे. मदतीची गाडी नेण्याआधी एक महिना दोन शिक्षक आणि तेलुगू चांगले वाचणारी वरच्या वर्गातली चार मुले त्या गुड्यावर जातील, घरोघरचे कागद पाहतील आणि काय हवे ते विचारून येतील. आपल्या शाळेत गोंडी आणि कोलामी घरांतली मुले शिकत आहेत. दर शनिवारी शेवटच्या तासाला ती आपल्याला त्यांची भाषा शिकवतील. पहिल्या तासाला मी स्वतः विद्यार्थी म्हणून पुढच्या बाकावर बसणार आहे. ज्या पालकांना यायचे असेल त्यांनी कार्यालयात नाव नोंदवावे.