डोर्नकलचे तरुण बिशप

ख्रिस्ती समाजातली मोठी माणसं आठवायला बसलं की आपण बायका पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक यांच्यापाशीच थांबतो. आज मी ज्यांच्याविषयी लिहितेय ते दूर दक्षिणेकडचे. वेदनायगम सॅम्युएल अझरय्या हे त्यांचं नाव. काझीपेठहून विजयवाड्याकडे जाताना डोर्नकल नावाचं जंक्शन लागतं, त्या गावाशी हे नाव कायमचं जोडलं गेलं.

जन्म १७ ऑगस्ट १८७४ चा, तमिळनाडूत तिरुनेलवेलीजवळच्या वेळ्ळालनविळै या खेड्यातला. वडील गावच्या चर्चचे पाळक, जात नाडार. म्हणजे त्या काळच्या उतरंडीत बरीच खालची. मुलगा पंधरा वर्षांचा असताना वडील गेले आणि पुढची सगळी जबाबदारी आईवर आली. मद्रास ख्रिश्चन कॉलेजात ते शिकले खरे, पण ऐन परीक्षेच्या वेळी आजारी पडले आणि पदवी राहिली ती राहिलीच. एकविसाव्या वर्षी त्यांनी वायएमसीए या तरुणांच्या संस्थेत चिटणिसाचं काम धरलं. १८९८ मध्ये लग्न झालं, तेही हुंडा न घेता. पत्नी अन्बू कॉलेजात शिकलेली होती. त्या काळी दक्षिणेत अशा ख्रिस्ती मुली हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या!

तेव्हाच्या चर्चचा कारभार कसा होता, हे जरा समजून घ्यायला हवं. पैसा विलायतेतून यायचा आणि निर्णय गोरे मिशनरी घ्यायचे. देशी माणसं शिकवायची, खेडोपाडी पायपीट करायची, अहवाल लिहायची. पण किल्ल्या त्यांच्या हाती नसायच्या. मंडळांची कामं करणाऱ्या आपल्यापैकी कुणालाही हे नवं वाटणार नाही. सतरंज्या घालायला तरुण पोरं लागतात, हिशेबाच्या वहीला मात्र त्यांनी हात लावलेला चालत नाही.

१९०२ मध्ये अझरय्या श्रीलंकेत जाफन्याला गेले. तिथल्या तमिळ ख्रिस्ती लोकांनी स्वतःच्या पैशाने, स्वतःची माणसं धर्मकार्याला पाठवली होती. ते पाहून त्यांना आपल्याकडच्या परावलंबनाची लाज वाटली. परत आल्यावर त्यांनी नुसती भाषणं ठोकली नाहीत. १९०३ मध्ये पाळयंकोट्टै इथे इंडियन मिशनरी सोसायटी उभी राहिली आणि चिटणीस झाले २८ वर्षांचे अझरय्या. अट एकच होती. माणसं आपली, पैसा आपला आणि कारभारही आपलाच. १९०५ च्या नाताळात बंगालमध्ये श्रीरामपूर इथे अखिल भारतीय पातळीवर नॅशनल मिशनरी सोसायटी स्थापन झाली, तिचेही ते पहिले सरचिटणीस.

इथवर सगळं ठीक चाललं होतं. पण दुसऱ्यांना खेड्यात पाठवायचं आणि आपण ऑफिसात बसायचं, हे त्यांच्या मनाला पटेना. १९०९ मध्ये त्यांनी धर्मसेवेची दीक्षा घेतली आणि निजामाच्या राज्यातल्या डोर्नकलला बिऱ्हाड हलवलं. भाषा परकी तेलुगू, तीही शिकायची. त्यांच्या निर्णयाचं कौतुक सगळेच करतात. पण शिकलेल्या अन्बूबाईंनी तो संसार कसा मांडला असेल, हाच विचार माझ्या मनात आधी येतो.

१९१० मध्ये स्कॉटलंडमधल्या एडिंबरोला जगभरच्या मिशनऱ्यांची मोठी परिषद भरली. बहुतेक सगळे गोरे. त्यांच्यासमोर ३५ वर्षांच्या अझरय्यांनी स्पष्टच सांगितलं, की तुम्ही आमच्यासाठी त्याग करता, पैसे देता, पण आम्हाला बरोबरीने वागवत नाही, जेवायला घरी बोलवत नाही. आम्हाला मैत्री हवी आहे. सभागृहात अस्वस्थता पसरली, काहींना रागही आला. दात्यांच्या तोंडावर असं बोलायला काय धैर्य लागतं, हे देणग्यांसाठी उंबरे झिजवणाऱ्यांनाच कळेल!

तरीही मद्रासचे बिशप व्हाइटहेड त्यांच्या पाठीशी ठाम राहिले. २९ डिसेंबर १९१२ रोजी कलकत्त्याच्या सेंट पॉल्स कॅथीड्रलमध्ये अझरय्या बिशप झाले. अँग्लिकन चर्चचे पहिले भारतीय बिशप, वय फक्त ३८. विरोध गोऱ्यांचा होताच, पण आपल्यांचाही होता. नाडाराच्या हाताखाली कसं राहायचं, हा प्रश्न ख्रिस्ती झाल्यावरही काहींच्या मनातून गेला नव्हता. म्हणून सुरुवातीला त्यांना मुलूखही लहानसाच दिला गेला, पुढे तो वाढत गेला.

त्यांच्या मंडळीत बहुतेक लोक माला आणि मादिगा या दलित जातींचे, शेतमजुरी करणारे. अशा गरिबांकडून चर्चसाठी काय मागणार? अझरय्या म्हणत, मागायचंच. कारण जो देतो त्यालाच आपला हक्क वाटतो. घरोघरी बायका भात शिजवण्याआधी मूठभर तांदूळ बाजूला काढून ठेवत आणि ते चर्चला देत. आपल्याकडच्या मूठभर धान्य योजनेची आठवण यावी असंच हे. अन्बूबाई खेड्यातल्या या बायकांमध्येच वावरत, मदर्स युनियनचं काम त्यांनी पाहिलं. गावोगावी देशी शिक्षक आणि पाळक तयार झाले. १९३९ मध्ये डोर्नकलचं कॅथीड्रल अर्पण झालं, त्याच्या बांधणीत मंदिराचे खांब आणि मशिदीचे घुमट दोन्हींची छाया आहे. मधल्या काळात धर्मांतराच्या प्रश्नावर गांधीजींशी त्यांचे तीव्र मतभेद झाले. पण ख्रिस्ती लोकांना वेगळे मतदारसंघ नकोत, असंही तेच ठामपणे सांगत होते.

वेगवेगळ्या पंथांच्या चर्चनी एकत्र यावं यासाठी ते १९१९ पासून झटत होते. १ जानेवारी १९४५ रोजी ते गेले, तेव्हा ते काम अपुरं होतं. २७ सप्टेंबर १९४७ रोजी चर्च ऑफ साऊथ इंडिया अस्तित्वात आलं. पूर्वी डोर्नकलच्याच कक्षेत असलेला नंद्यालचा भाग तेव्हा त्यात सामील झाला नाही, तो आला १९७५ मध्ये. याच नंद्याल धर्मप्रांताच्या बिशप म्हणून २०१३ मध्ये पुष्पा ललिता यांची नेमणूक झाली. त्या चर्चच्या पहिल्या महिला बिशप.