शेवटी लिहायचा तो डीएक्स

एम-वनच्या पेपरात इंटिग्रलच्या शेवटी डीएक्स लिहायचा राहिला आणि सरांनी मार्क कापला, की आपल्याला राग येतो. एवढ्याशा डीएक्सने असं काय बिघडतं? मित्रांनो, ज्याने हा डीएक्स जगाला दिला त्या गॉटफ्रीड विल्हेल्म लाइबनिट्सची ही गोष्ट. ती वाचून राग थोडा कमी व्हावा.

लाइबनिट्सचा जन्म १ जुलै १६४६ रोजी जर्मनीतल्या लाइपझिग शहरात झाला. वडील तिथल्याच विद्यापीठात प्राध्यापक. हा सहा वर्षांचा असताना ते वारले, पण त्यांची पुस्तकं घरात होती. ती चाळता चाळता पोरगा आपला आपणच लॅटिन शिकला. पुढे कायद्याचा अभ्यास केला. लाइपझिगने डॉक्टरेट नाकारली तेव्हा गडी रडत बसला नाही. आल्टडॉर्फ विद्यापीठात गेला आणि १६६७ साली, विसाव्या वर्षी, पदवी घेऊन मोकळा झाला.

१६७२ साली राजकीय कामासाठी तो पॅरिसला गेला. वय पंचवीस आणि गणित जेमतेम! तिथे त्याला हायगेन्स हे मोठे शास्त्रज्ञ भेटले. १, १/३, १/६, १/१० अशा न संपणाऱ्या मालिकेची बेरीज करून दाखव, असं त्यांनी सांगितलं. याने उत्तर काढलं, २. पुढच्याच वर्षी लंडनमध्ये मात्र त्याला कळलं, की आपण अभिमानाने सांगत होतो तो एक निष्कर्ष आधीच छापून आलेला आहे. तो परत आला आणि झपाटल्यासारखा अभ्यासाला लागला.

त्याची युक्ती साधी होती. एखाद्या आकृतीचं क्षेत्रफळ काढणं अवघड असेल, तर तेवढ्याच क्षेत्रफळाची सोपी आकृती शोधायची. अशा रीतीने वर्तुळावरून त्याने पायची मालिका मिळवली: पाय भागिले ४ म्हणजे १ वजा १/३ अधिक १/५ वजा १/७, आणि पुढे तसंच. (ही मालिका केरळात माधवाच्या परंपरेत त्याआधीच माहीत होती, हे आपण विसरू नये.) अवघडाच्या जागी सोपं ठेवणं, हाच सबस्टिट्यूशनचा आत्मा.

२९ ऑक्टोबर १६७५ रोजी त्याने कागदावर बेरजेसाठी एक लांबट एस काढला. तेच आपलं इंटिग्रलचं चिन्ह. काही दिवसांतच डीएक्सही आला. डीएक्स म्हणजे बारीक पट्टीची रुंदी. उंची गुणिले रुंदी, आणि अशा सगळ्या पट्ट्यांची बेरीज. आता एक्सच्या जागी यू घेतला तर पट्टीची रुंदीही बदलणारच ना? ती किती बदलली याचा हिशोब डीएक्स ठेवतो.

उदाहरण घेऊ. २एक्स गुणिले (एक्स वर्ग अधिक १) चा घन, लिमिट्स ० ते १. एक्स वर्ग अधिक १ ला यू म्हटलं, की २एक्स डीएक्स हा अख्खा तुकडा डीयू होतो. उरतो फक्त यूचा घन. पण लिमिट्स एक्सच्या होत्या! एक्स ० असताना यू १, आणि एक्स १ असताना यू २. म्हणून उत्तर १५/४. लिमिट्स ० आणि १ च ठेवल्या तर येतं १/४, आणि मार्क गेले. रूम बदलली आणि पत्ता जुनाच दिला, तर पत्र कुठे जाणार? (लिमिट्स चिन्हाच्या खाली-वर लिहायची पद्धत मात्र नंतरची. ती १९व्या शतकात फूरियेने रूढ केली.)

लाइबनिट्सलाही सगळं एका फटक्यात जमलं नाही बरं का. गुणाकाराचं डेरिव्हेटिव्ह म्हणजे डेरिव्हेटिव्हजचा गुणाकार असेल का, अशी शंका त्याने त्याच नोव्हेंबरात कागदावर मांडली, आणि तसं नाही हे स्वतःच शोधून काढलं.

१६७६ साली तो हॅनोव्हरच्या दरबारात नोकरीला लागला. हार्झ डोंगरातल्या खाणींचं पाणी पवनचक्क्यांनी उपसायची त्याची योजना साफ फसली. पण १६८४ साली त्याचा कॅल्क्युलसवरचा लेख छापून आला आणि १६८६ साली इंटिग्रलचं चिन्हही छापलं गेलं. न्यूटनने आपली पद्धत आधी शोधली होती, पण छापली नव्हती. मग चोरीचा आरोप झाला. १७१२ साली रॉयल सोसायटीच्या समितीने निकाल न्यूटनच्या बाजूने दिला. सोसायटीचे अध्यक्ष कोण? खुद्द न्यूटन! दोघांनी स्वतंत्रपणे शोध लावला, हे आज सर्वमान्य आहे.

१४ नोव्हेंबर १७१६ रोजी लाइबनिट्स हॅनोव्हरमध्ये वारला. त्याच्या कबरीवर पन्नासहून अधिक वर्षं साधं नावही नव्हतं. इंग्लंडने त्याची चिन्हं शतकभर दूर ठेवली आणि युरोपच्या मागे पडला. शेवटी १८१२ साली केंब्रिजच्या बॅबेज, हर्शेल, पीकॉक या विद्यार्थ्यांनीच मंडळ काढून ती आणायचा आग्रह धरला. हो, आपल्यासारख्याच विद्यार्थ्यांनी!

निकाल समितीने दिला, पण वापर जगाने ठरवला. तेव्हा पुढच्या पेपरात डीएक्स लिहा, लिमिट्स बदला, आणि मग खुशाल उत्तराला चौकट करा.